साडेतीन गुंठे की साडेदहा? तासगावकडच्या एका वाटणीचं गणित

तासगावहून मणेराजुरीकडे जाताना रस्त्याला लागून एक तिकोनी रान आहे. रस्त्याकडची बाजू लांब, आणि मागे दोन बांध जिथे मिळतात त्या टोकाला विहीर. मधे द्राक्षबाग, तिच्या ओळी रस्त्याला समांतर. वडील गेल्यावर दोन भाऊ आणि एक बहीण यांच्यात या रानाची वाटणी व्हायची होती. हक्कसोड लिहून द्या असं बहिणीला कुणी सुचवलंही नाही, हे आधी सांगतो. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतका वाटा हे २००५ पासून देशभरच्या हिंदू वारसा कायद्यात आहे, तरी आपल्याकडे सही घेण्याची घाई कशी होते ते सगळे जाणतात. इथे थोरल्याचा पहिला शब्द होता, "आक्काला बरोबरीचं द्यायचं. गुंठाभर कमी न्हाई."

पुढे जे झालं ते या चांगल्या हेतूनंतर झालं, म्हणून हे प्रकरण लिहून ठेवावंसं वाटतं. मी सांगलीत दहावी ते बारावीच्या मुलांना गणित शिकवतो. आक्काची मुलगी माझी जुनी विद्यार्थिनी, आता डिप्लोमाला आहे. तिचा फोन आला, "सर, मामांनी आखणी केलीय. मला आकृतीत आईचा तुकडा बारका दिसतोय, पण त्यांचा हिशेब मला खोडता येईना. रविवारी याल का?" गेलो. घरच्यांच्या परवानगीने लिहितोय. नावं, गाव आणि गट नंबर मुद्दाम गाळले आहेत.

सोप्यावर चार कॅल्क्युलेटर

थोरले दादा सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी. त्यांचा बारा आकड्यांचा टेबलावरचा कॅल्क्युलेटर पिशवीतून आलेला होता. धाकट्याच्या हातात मोबाईल. भाचीकडे कॉलेजचा सायंटिफिक. आणि कोनाड्यात वडिलांचा जुना, खिशात मावणारा आठ आकड्यांचा.

टेपने मापं आधीच घेतली होती: रस्त्याची बाजू २८१ फूट, दोन बांध २६२ आणि ३०३ फूट. तीन बाजू माहीत असल्या की क्षेत्रफळ हिरोच्या सूत्राने निघतं. बेरीज ८४६, तिची निम्मी ४२३. या ४२३ मधून एकेक बाजू वजा केली की १४२, १६१ आणि १२०. चारही आकडे गुणायचे आणि वर्गमूळ काढायचं.

पहिला अडथळा इथेच आला. गुणाकार होतो १,१६,०४,७५,१२० म्हणजे दहा आकडी. वडिलांच्या कॅल्क्युलेटरने कोपऱ्यात 'ई' दाखवला आणि पुढे काही घेईना. धाकटा म्हणाला, बिघडला. बिघडला नव्हता, त्याच्या खिडकीत आठच आकडे बसतात. अशा वेळी जोड्या पाडाव्यात. ४२३ × १४२ चं मूळ २४५.०८, १६१ × १२० चं मूळ १३८.९९६, आणि या दोघांचा गुणाकार ३४,०६५ च्या वर थोडा. गुणाकाराचं मूळ म्हणजे मुळांचा गुणाकार, एवढ्या एका नियमावर आठ आकड्यांचं जुनं यंत्रही हे काम करून देतं. दादांच्या मोठ्या यंत्रावर ते थेट आलं: ३४,०६५.७५ चौरस फूट.

गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, १०८९ चौरस फूट. भागून ३१.२८ गुंठे. सातबाऱ्यावर ३२ आर होते. आर १०० चौरस मीटरचा आणि गुंठा १०१.१७ चा, बोलताना आपण दोन्ही एकच धरतो. आपलं माप आरमध्ये ३१.६५ येत होतं, म्हणजे टेपच्या मानाने चांगलंच जुळलं.

(कुठल्याही नव्या कॅल्क्युलेटरवर मूळ काढण्याआधी १०८९ टाकून √ दाबून बघावं. ३३ आलं की बटण आधी की आकडा आधी हा प्रश्न तिथेच मिटतो. टेबलावरच्या यंत्राला आकडा आधी लागतो, सायंटिफिकला √ आधी.)

दादांची आखणी

क्षेत्रफळाची दुप्पट भागिले २८१ केलं की रस्त्यापासून विहिरीच्या टोकापर्यंतची सरळ उंची मिळते: २४२.४६ फूट. दादांनी त्याचे तीन भाग केले, प्रत्येकी ८०.८२ फूट. बागेच्या ओळी रस्त्याला समांतर आहेत, तेव्हा वाटणीच्या रेघाही समांतर. टोकापासून ८०.८२ फुटांवर एक खुंटी, १६१.६४ वर दुसरी. रस्त्याकडचा पट्टा धाकट्याला, कारण त्याचं बेदाण्याचं शेड तिथे आहे. मधला दादांना. विहिरीकडचा आक्काला, पाणी जवळ म्हणून.

"तीन सारखं भाग क्येलं की ओ सर. ह्यात चूक कुठं हाय?"

भागाकारात चूक नव्हती. २४२.४६ भागिले ३ म्हणजे ८०.८२ हे चारही यंत्रांनी सांगितलं असतं. पण सारखी केली होती उंची, आणि द्यायची होती जमीन. टोकापासून एक तृतीयांश अंतरावर रानाची रुंदीही एक तृतीयांशच असते, ९३.६७ फूट. उंची तिसरा हिस्सा आणि रुंदी तिसरा हिस्सा, म्हणून क्षेत्रफळ नववा हिस्सा. मी वहीत आकृती काढून प्रत्येक पट्ट्यात त्याच मापाचे छोटे त्रिकोण बसवून दाखवले: टोकाला एक, मधे तीन, रस्त्याकडे पाच. एकूण नऊ. ३१.२८ गुंठ्यांचे नऊ भाग केले की आक्काला ३.४८ गुंठे, दादांना १०.४३, आणि धाकट्याला १७.३८.

दादांनी ते तीन वेळा मोजलं. मग म्हणाले, "म्हंजे माझ्या हातनं आक्काला साडेतीन गुंठं जानार हुतं." आक्का काही बोलली नाही. धाकटाही नाही, आणि मला त्याचं बरं वाटलं, कारण त्याच्या वाट्याला जवळजवळ सात गुंठे जास्त येत होते आणि त्याने आखणीची बाजू धरली नाही.

समरूप त्रिकोणांच्या क्षेत्रफळांचं गुणोत्तर बाजूंच्या वर्गांइतकं असतं, हे प्रमेय दहावीला मी दरवर्षी शिकवतो. मुलं ते पाठ करतात, पेपरात मार्क मिळवतात. ते एखाद्या बहिणीचे सात गुंठे राखू शकतं असं मी स्वतः वर्गात कधी म्हटलेलं नव्हतं. आता म्हणतो.

उलट दिशेने मांडलं की मूळ येतं. टोकाकडच्या भागाचं क्षेत्रफळ एकूण क्षेत्राच्या १/३ हवं, तर अंतर उंचीच्या √(१/३) पट हवं. टोकाकडचे दोन भाग मिळून २/३ हवेत, तर √(२/३) पट.

इथे वडिलांचं सोडून बाकी तिन्ही यंत्रांनी वेगवेगळं सांगितलं. धाकट्याच्या मोबाईलवर 'एक भागिले तीन' लिहून शेवटी √ दाबलं गेलं, ते मूळ फक्त तीनाचं घेतलं गेलं. १/३ ला ही चूक दिसत नाही, कारण एकाचं मूळ एकच, ०.५७७ बरोबरच येतं. पण २/३ ला त्याच क्रमाने दाबलं तर दोन तसाच राहतो आणि उत्तर येतं १.१५४७. त्याने ते २४२.४६ ने गुणून वाचलं, "दोनशे ऐंशी फूट." रान २४२ फूट खोल आहे. खुंटी रस्त्यापलीकडच्या माणसाच्या रानात गेली असती. १ पेक्षा लहान संख्येचं मूळ कधीही १ च्या वर जात नाही, हे डोक्यात असेल तर असा आकडा वहीत शिरत नाही. उपाय साधा: आधी भागाकार पुरा करायचा, बरोबरचं चिन्ह दाबायचं, मग √.

दादांची गडबड वेगळी होती आणि ती मला आधी कळलीच नाही. त्यांच्या यंत्रावर ०.५७ आलं, आणि २/३ साठी ०.८२. बारा आकड्यांचं यंत्र दोनच दशांश का देतंय? वरच्या बाजूची सरकपट्टी '२' वर होती. दुकानात रुपये-पैसेच लागतात, वर्षानुवर्षं ती तिथेच. शिवाय दिवाणजीची सवय, दर पायरीला आकडा कागदावर उतरवायचा आणि तोच पुन्हा टाकायचा. १/३ चे ०.३३ झाले, ०.३३ चं मूळ ०.५७ झालं. रुपयात ठीक, रानात टोकाकडची खुंटी पावणेदोन फूट सरकते आणि आक्काचा पाव गुंठा जातो. पट्टी पूर्ण दशांशावर सरकवली आणि मधले आकडे कागदावर न उतरवता पुढे नेले, तेव्हा ०.५७७३५ आणि ०.८१६४९६ आले.

एवढं झाल्यावर √ च्या बटणावर कुणाचाच भरवसा उरला नव्हता. म्हणून ते बटण न वापरता काढून दाखवलं, वडिलांच्याच कॅल्क्युलेटरवर. २/३ म्हणजे ०.६६६६६६६. अंदाज धरा ०.८. भागा: ०.८३३३३३३. खरं मूळ या दोघांच्या मधे असलं पाहिजे, म्हणून दोघांची सरासरी, ०.८१६६६६६. पुन्हा ०.६६६६६६६ ला तिने भागा: ०.८१६३२६५. पुन्हा सरासरी: ०.८१६४९६५. दोन फेऱ्यांत सहा दशांश जुळले. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी अलेक्झांड्रियाच्या ज्या हिरोच्या नावाने आपण क्षेत्रफळाचं सूत्र वापरलं, त्याच्याच लिखाणात ही सरासरीची रीतही आहे. जमीन मोजायची तर दोन्ही लागणारच. आक्काने शेवटची फेरी स्वतः केली. सातवीत शाळा सुटली होती तिची.

तेव्हा खुंट्या अशा: टोकापासून १३९.९८ फूट आणि १९७.९७ फूट. पट्ट्यांची खोली विहिरीकडून १३९.९८, मग ५७.९८, आणि रस्त्याकडे फक्त ४४.४९ फूट. बघताना अन्याय वाटावा असे आकडे, पण प्रत्येकात ११,३५५ चौरस फूट, १०.४३ गुंठे. मधून आठ फुटांची वाट तिघांनी मिळून सोडायचं ठरलं. तिचा हिशेब इथे धरत नाही.

रस्त्याचा दर

क्षेत्र सारखं झालं, पण रस्त्यालगतचा गुंठा आणि आतला गुंठा यांचा भाव एक नाही. धाकट्यानेच विषय काढला. रस्ता मला मिळतोय तर फरकाचे पैसे देतो म्हणाला. फरक किती?

त्याच शिवारात वर्षभरात झालेले दोन व्यवहार सगळ्यांना ठाऊक होते. पहिल्यात ६ गुंठे रस्त्यालगत आणि १० गुंठे आत, मिळून २३ लाख ६० हजार. दुसऱ्यात ५ गुंठे रस्त्यालगत, ८ आत. दादांच्या ऐकिवात १९ लाख ३० हजार. रस्त्याचा दर क्ष लाख, आतला य लाख धरला की:

६क्ष + १०य = २३.६
५क्ष + ८य = १९.३

दहावीच्या पहिल्या धड्यातली जोडी. क्रेमरच्या रीतीने निश्चयक, म्हणजे तिरप्या गुणाकारांची वजाबाकी, ६ × ८ − १० × ५ = −२. क्ष साठी वरचा निश्चयक २३.६ × ८ − १० × १९.३. हे डावीकडून उजवीकडे जसंच्या तसं दाबल्यावर मोबाईलने −४.२ दिलं, दादांच्या यंत्राने ३४५०.८४. साध्या कॅल्क्युलेटरला गुणाकार आधी हा नियम माहीत नसतो. तो १८८.८ मधून १० वजा करतो आणि उरलेल्याला १९.३ ने गुणतो. दादांना मेमरीची बटणं रोजची, त्यांच्या लक्षात लगेच आलं: आधी मेमरी पुसायची, २३.६ × ८ मेमरीत अधिक, १० × १९.३ मेमरीत उणे, मग मेमरी वाचायची. −४.२. भाचीने सायंटिफिकवर समीकरणांचा मोड लावून नुसते सहा आकडे भरले. सगळीकडे एकच: −४.२ भागिले −२ म्हणजे क्ष = २.१, आणि तसंच य = १.१. रस्त्याचा गुंठा २ लाख १० हजार, आतला १ लाख १० हजार. शिवारातल्या चर्चेशी जुळणारं.

मग धाकटा म्हणाला, "दुसरा यवहार साडेएकोणीसला झाला न्हवं? मी तर तेच ऐकलंय."

१९.३ च्या जागी १९.५. वीस हजारांचा फरक, शंभराला एक. भाचीने एक आकडा बदलला. क्ष = ३.१, य = ०.५. रस्त्याचा दर एकदम लाखाने चढला आणि आतला निम्म्याच्या खाली आला. तिने पुन्हा भरून पाहिलं, तेच. मी १९.१ घालायला सांगितलं. क्ष = १.१, य = १.७, म्हणजे रस्त्यापेक्षा आतली जमीन महाग.

या जागी मला थांबून बोलावं लागलं, कारण सगळे पुन्हा बटणाची चूक शोधायला लागले होते. बटणं बरोबर होती, रीत बरोबर होती, तिन्ही उत्तरं आपापल्या समीकरणांची खरी उत्तरं होती. दुखणं व्यवहारांत आहे. पहिला व्यवहार ५/६ पट करून बघा: ५ गुंठे रस्त्याचे, ८.३३ गुंठे आतले, किंमत १९ लाख ६६ हजार ६६७. दुसरा व्यवहार: ५ गुंठे रस्त्याचे, ८ आतले, १९ लाख ३० हजार. दोन्ही जवळजवळ एकच व्यवहार आहेत. वजाबाकी केली की हाती उरतो एक तृतीयांश गुंठा आणि त्याची किंमत ३६ हजार ६६७. अख्खा आतला दर या जेमतेम सव्वापाच आण्यांच्या जमिनीवर उभा आहे. (सोळा आण्यांचा गुंठा, हे सोप्यावर सगळ्यांना न सांगता समजलं.) त्या ३६ हजारांत वीस हजारांची ऐकीव चूक मिसळली तर काय राहणार? आलेखावर काढलं तर दोन रेषा इतक्या समांतर धावतात की त्या कुठे छेदतात ते पेन्सिलीच्या जाडीवर ठरतं. निश्चयक अगदी शून्य झाला असता तर सायंटिफिकने निदान एरर दाखवला असता. शून्याजवळ तो काही बोलत नाही, आणि निश्चयक 'जवळ' आहे की नाही तेही नुसत्या −२ कडे पाहून कळत नाही; तो ज्या ४८ आणि ५० च्या वजाबाकीतून आला, त्यांच्या शेजारी ठेवून पाहावा लागतो.

याची किंमतही लगेच काढली. रस्त्याकडच्या १०.४३ गुंठ्यांवर जो जादा भाव, तो तिघांचा. म्हणून त्याचा तिसरा हिस्सा धाकट्याने आक्काला द्यायचा, तिसरा दादांना. फरक १ लाखाचा धरला तर प्रत्येकी सुमारे ३ लाख ४८ हजार. साडेएकोणीस धरलं तर फरक २.६ लाख, प्रत्येकी ९ लाख ४ हजार. स्वतःच्या ऐकिवातल्या आकड्याने धाकटा स्वतःवरच अकरा लाखांचा बोजा वाढवून घेत होता. १९.१ धरलं असतं तर उलट आक्काने त्याला पैसे द्यायचे!

दशांश वाढवून यावर उपाय होत नाही. वेगळ्या घडणीचा व्यवहार लागतो. आक्काला एक आठवला: ९ गुंठे रस्त्यालगत आणि आत फक्त २, किंमत २१ लाख. पहिल्याबरोबर याची जोडी लावली:

६क्ष + १०य = २३.६
९क्ष + २य = २१

निश्चयक १२ − ९० = −७८. क्ष = २.०८७, य = १.१०८. आता मुद्दाम २१ च्या जागी २१.२ घालून पाहिलं, तर क्ष अडीच हजारांनी आणि य दीड हजारांनी हलला. एवढं बांधावर कुणीही सोसेल. आणि या दरांनी वादातला व्यवहार परत मोजला: ५ × २.०८७ + ८ × १.१०८, साधारण १९.३. दादांचं ऐकीव खरं असावं असा तो इशारा होता, पुरावा नव्हे. पुरावा म्हणून धाकट्याने दुसऱ्या दिवशी दुय्यम निबंधक कार्यालयातून सूची क्रमांक २ चा, म्हणजे नोंदलेल्या व्यवहाराचा, उतारा काढला. १९ लाख ३० हजार. साडेएकोणीस हा आकडा दलाली धरून शिवारात फिरत होता.

प्रत्येकी ३ लाख ४० हजार ठरले, दोन बेदाण्याच्या हंगामांत फेडायचे.

खुंट्या

पुढच्या रविवारी रानात खुंट्या ठोकायच्या होत्या. विहिरीच्या टोकापासून १४० फूट टेप सोडली की काम होतं, पण ती टेप रस्त्याला काटकोनात गेली नाही तर सगळं वाकडं. म्हणून दुसरी तपासणी ठेवली: त्या ठिकाणी दोन्ही बांधांमधली रुंदी २८१ × ०.५७७३५ म्हणजे १६२ फूट ३ इंच यायला हवी. दादा एका बांधावर, धाकटा दुसऱ्या बांधावर, भाची मधे टेप ताणून. पहिल्यांदा १६५ फूट आलं. मी माझे आकडे पुन्हा बघायला लागलो, तोवर आक्का बांधावरून ओरडली, "दादा, तू घाणेरीच्या भायेर हुबा हाईस, बांध आत हाय!"

दादा झुडपातून आत सरकले. भाचीने टेप वाचली: १६२ फूट ५ इंच. मोजणीदार रीतसर अर्जावर येईल तेव्हा तो त्याच्या यंत्राने बघेलच. पहिली खुंटी आक्काने ठोकली.